जुनी घरगुती पत्रे आणि लिहिणाऱ्याचा धर्म





मराठी भाषा गौरव दिनानिमित्त २७ फेब्रुवारीच्या आठवड्यात आपल्या शाळेत 'आमच्या घरचा जुना कागद' हा उपक्रम घेतला होता. मुलांनी जुन्या पावत्या आणल्या, लग्नपत्रिका आणल्या, पणजोबांच्या हातची जन्मपत्रिका आणली. आठवीतील एका विद्यार्थ्याने आजोबांच्या ट्रंकेत सापडलेले एक मोडी पत्र आणले. घड्यांवर विरलेला कागद, तपकिरी झालेली शाई. पत्र एका भावाने बहिणीच्या सासरी लिहिलेले. पाऊस लागण्यापूर्वी ज्वारीचे बियाणे पाठवा, म्हैस व्याली, भाचीचा ताप उतरला का ते कळवा, असा घरगुती मजकूर. वर मधोमध 'श्री' आणि मजकुरात तारीख : 'छ १२ रबिलाखर, सन अशर मयातैन व अलफ'.

आम्ही तारीख मोठ्याने वाचली आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, म्हणजे ह्याचे पूर्वज मुसलमान होते काय?" वर्ग हसला. पत्र आणणाऱ्या मुलाने कागदाची घडी घालून तो दप्तरात ठेवला. तिसऱ्या बाकावरची आमची एक मुसलमान विद्यार्थिनी मान खाली घालून वहीवर रेघा ओढीत राहिली.

आम्ही "शांत बसा" एवढेच म्हणालो. खरे सांगायचे तर त्या प्रश्नाचे नीट उत्तर आम्हांलाही ठाऊक नव्हते. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मोडी आम्ही पंचेचाळिशी उलटल्यावर शिकलो. अक्षर लागत होते, पण त्या अरबी शब्दांची उकल होत नव्हती. संध्याकाळी त्या मुलाच्या आईंचा फोन आला. "सर, मोठी माणसे म्हणतात, असला कागद घरात नको. नदीत सोडून द्यावा म्हणतात." हा अंक हाती येईपर्यंत थांबा, अशी विनंती आम्ही केली. त्यांनी ती मान्य केली. वर्गात त्या तासाला जे उत्तर देता आले नाही, ते आज देत आहोत.

१. ती तारीख काय सांगते?

प्रथम तारखेची फोड करू. 'छ' ही चंद्राची खूण. पुढचा आकडा चांद्र महिन्यातला दिवस. 'रबिलाखर' हा हिजरी वर्षाचा चौथा महिना. त्यापुढचे शब्द म्हणजे अरबीतले आकडे : अशर म्हणजे १०, मयातैन म्हणजे २००, अलफ म्हणजे १०००. बेरीज १२१०. हे वर्ष हिजरी नव्हे. ते 'शुहूर सन', म्हणजेच अरबी सन. दक्षिणेत हा सन इसवी सन १३४४ पासून चालू झाला.

या सनाची गंमत अशी की, दिवस आणि महिने चंद्राचे, पण वर्ष सूर्याचे. शुद्ध चांद्र वर्ष दरसाल सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकते. शेतसारा पिकावर वसूल करायचा तर असे सरकणारे वर्ष उपयोगाचे नाही. म्हणून शुहूर सन मृग नक्षत्राला सुरू होतो. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखेत ६००. म्हणजे इसवी सन मिळतो. आपल्या पत्राचे वर्ष १२१० + ६०० = १८१०. त्या वर्षी रबिलाखर महिना मेमध्ये आला होता. म्हणजे पत्र मे १८१० च्या मध्यावरचे, वैशाखातले, मृगाच्या तोंडावरचे. बियाण्याची घाई का होती, तेही कळले!

आता मुख्य प्रश्न. ही तारीख घालणारा माणूस कोण? छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला आणि कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' तयार करविला. तरीही पुढे पेशव्यांच्या दप्तरात शुहूर सन चालूच राहिला. पानिपतची लढाई झाली तो १४ जानेवारी १७६१ चा दिवस आपण पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ असा सांगतो. पण त्या काळच्या मराठी कारकुनाच्या कागदावर ते वर्ष 'इहिदे सितैन मया व अलफ' असे येई. १, ६०, १०० आणि १०००, म्हणजे ११६१. पेशव्यांच्या धर्माविषयी कुणाला शंका आहे काय? तारीख हा कारभाराचा रिवाज होता. गावचा कुलकर्णी तसे लिही, आणि त्याचे पाहून घरचा माणूसही तसेच लिही.

ज्या विद्यार्थ्याने तो प्रश्न विचारला त्याची वही आम्ही नंतर पाहिली. पानाच्या वर 'तारीख' असे छापले आहे. हा शब्द अरबी. वही ज्या कागदाची, तो 'कागद' शब्द फारसी. आणि तारखेत 'मार्च' लिहिले आहे. तो महिना रोमन लोकांच्या युद्धदेवतेच्या, मार्सच्या नावाचा. म्हणून काही तो मुलगा रोमन होत नाही.

२. परक्या देवांचे महिने

हाच प्रश्न जगातल्या फार जुन्या पत्रांबाबतही पडतो, आणि विद्वानांनी त्यावर बरीच मेहनत घेतली आहे. म्हणून थोडा वेळ इजिप्तला जाऊ.

नाईल नदीच्या काठी पपायरस नावाचे लव्हाळे उगवते. त्याच्या गाभ्याच्या पट्ट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवून, दाबून, वाळवून लिहिण्याजोगे पान तयार करीत. इजिप्तची वाळू इतकी कोरडी की, त्यात पडलेले असे पान दीड-दोन हजार वर्षे टिकते. ऑक्सफर्डचे ग्रेनफेल आणि हंट हे दोन अभ्यासक १८९६ च्या हिवाळ्यात ऑक्सिरिंकस या प्राचीन शहराचे उकिरडे खणू लागले. तेथून पुढील काही वर्षांत सुमारे पाच लाख तुकडे निघाले. त्यांत काव्ये होती, करारनामे होते, धर्मग्रंथांची पाने होती आणि घरगुती पत्रेही होती. लोकांनी वाचून टाकून दिलेली पत्रे! म्हणजे रद्दीच ती. पण त्या रद्दीतून सामान्य माणसाचा संसार कळला.

एका पत्रात थिऑन नावाचा लहान मुलगा वडिलांवर रुसला आहे. तुम्ही मला शहराला नेले नाही, आता नेले नाही तर मी जेवणार नाही, पाणी पिणार नाही, अशी धमकी त्याने दिली आहे. वर तंतुवाद्य पाठवून द्या, हीही मागणी आहे. त्या पत्रात देवाचे नावही नाही. म्हणून थिऑन नास्तिक ठरतो काय? तो रुसला होता, इतकेच.

दुसरे पत्र इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. एपिऑन नावाचा तरुण रोमन आरमारात भरती होऊन इटलीला पोहोचला आणि त्याने गावी वडिलांना पत्र लिहिले. समुद्रात संकट आले असता सेरापिस देवाने आपल्याला वाचवले, म्हणून तो देवाचे आभार मानतो. प्रवासखर्चाचे तीन सुवर्ण मिळाल्याचे कळवतो, आपले चित्र पाठवतो, आणि आता माझे नाव अँटोनियस मॅक्सिमस झाले आहे, असे सांगतो. नाव रोमन झाले, नोकरी रोमन झाली, पण बुडता बुडता हाक मारली ती घरच्या देवाला. नुसत्या नावावरून आपण त्याला कोण समजलो असतो?

आणि महिने? इजिप्तमधील महिन्यांना थोथ, हाथोर अशी जुन्या इजिप्शियन देवतांची नावे होती. पुढे देश ख्रिस्ती झाला, तरी महिने तेच राहिले. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती लोकांच्या पंचांगात ती नावे थोड्याफार फरकाने आजही आहेत. व्यक्तिनामांचेही तेच. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचे जे बिशप होते त्यांचे नाव डायोनिसियस, म्हणजे ग्रीकांच्या मद्यदेवतेवरून आलेले. आई-बापांनी ठेवलेले नाव त्यांनी बदलले नाही. आपल्या 'रबिलाखर'सारखाच हा प्रकार आहे.

३. बासेलला ठेवलेले एक पत्र

धारवाडच्या मुलांना 'बासेल' हा शब्द नवा नाही. स्वित्झर्लंडमधील बासेल शहरात १८१५ मध्ये स्थापन झालेल्या मिशनचे लोक १८३७ मध्ये धारवाडला आले. त्यांनी शाळा काढल्या. ज्यांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ मध्ये निघाला ते किटेलसाहेबही याच मिशनचे. त्याच बासेल शहराच्या विद्यापीठाने १९०० च्या सुमारास इजिप्तचे काही पपायरस विकत घेतले होते. ते शंभरांहून अधिक वर्षे जवळजवळ तसेच पडून राहिले. अलीकडे सबिने ह्यूब्नर या प्राध्यापक बाईंनी त्यांचा अभ्यास हाती घेतला, आणि त्यांतील एका पत्राची हकीकत २०१९ मध्ये जगापुढे आली.

इसवी सन २३० ते २४० च्या दरम्यान एरियानस नावाच्या गृहस्थाने आपला भाऊ पॉलस याला हे पत्र लिहिले. घराणे थिआडेल्फिया या गावचे, जमीनजुमला असलेले. गावाकडे माणूस निघाला आहे, म्हणून त्याच्या हाती पत्र देतो, वडिलांना नमस्कार सांग, असे आरंभी आहे. मग शहरातील एका सार्वजनिक पदाची आठवण. मग जमीन खरेदीची गोष्ट. मग माशाच्या काळजापासून केलेला एक खारवलेला रस पाठव, तुला चांगला वाटेल तो पाठव, अशी फर्माईश. नंतर आईची खुशाली. आईचा तुम्हां सर्वांना, तुमच्या बायकांना आणि गोड मुलांना नमस्कार. इकडच्या सर्वांचा नमस्कार. घरातील लहानथोरांस यथायोग्य सांगावे, असे आपले आजोबा लिहीत, तसेच हे!

आणि अगदी शेवटच्या ओळीत : तू 'प्रभूमध्ये' सुखरूप असावास अशी प्रार्थना. 'प्रभू' हा शब्द पूर्ण न लिहिता त्याची पहिली आणि शेवटची अक्षरे तेवढी लिहिली आहेत. पवित्र नामे अशी आखडून लिहिण्याची पद्धत ख्रिस्ती लेखनिकांची होती. या एका शब्दामुळे हे पत्र आज उपलब्ध असलेल्या ख्रिस्ती खाजगी पत्रांत सर्वांत जुने मानले जाते. भावाचे 'पॉलस' हे नावही त्याला पुष्टी देते, पण तेवढे पुरेसे झाले नसते.

विद्यार्थी मित्रांनो, येथे जरा थांबा. त्या काळातील ख्रिस्ती माणसे म्हटली की लपूनछपून राहणारी, जगापासून फटकून असलेली, असे चित्र आपल्यासमोर उभे राहते. येथे तर शहराच्या पदांची चर्चा आहे, जमीन आहे आणि चवीचे खाणे आहे. श्रद्धा आहे, पण ती पत्राच्या शेवटी, इतर सगळ्या संसाराबरोबर. बहुतेक माणसांच्या जीवनात धर्म असाच असतो. ती रोज घोषणा करीत नाहीत.

४. नव्याण्णव आणि सातशे शहाऐंशी

कधी कधी मात्र धर्म हाच पत्राचा विषय होऊन बसतो. रोमन सम्राट डायोक्लेशियनने इसवी सन ३०३ मध्ये ख्रिस्ती लोकांविरुद्ध हुकूम काढले. त्या सुमारास ऑक्सिरिंकसचा कोप्रेस नावाचा माणूस जमिनीच्या दाव्यासाठी कोर्टात गेला. तेथे पोहोचल्यावर त्याला कळले की, जो कोर्टापुढे उभा राहील त्याने आधी देवतांना बळी अर्पण केला पाहिजे. ख्रिस्ती माणसाला हे चालणारे नव्हते. तेव्हा त्याने काय केले? दावा सोडला नाही आणि श्रद्धाही सोडली नाही. आपल्या एका 'भावा'ला मुखत्यारपत्र देऊन टाकले आणि घरी सारापियासला तसे कळवले. ती त्याची पत्नी असावी. तो तिला 'बहीण' म्हणतो, पण त्या काळी इजिप्तमध्ये पत्नीलाही असे म्हणत. तिचे नाव नीट पाहा : सारापियास. ते सेरापिस देवावरून आलेले! जो मनुष्य त्या देवतांपुढे बळी देण्याचे टाळतो, त्याच्याच घरच्या माणसाचे नाव त्या देवाचे आहे, आणि त्यात त्याला काही वावगे वाटलेले दिसत नाही.

पत्राच्या शेवटी कोप्रेसने फक्त एक आकडा लिहिला : ९९. ग्रीक भाषेत अक्षरांनाच अंकांची किंमत असते. 'आमेन' शब्दातील अल्फा १, म्यू ४०, ईटा ८, न्यू ५०. बेरीज ९९. ज्याला कळायचे त्याला कळे.

हे आम्ही पुढच्या आठवड्यात वर्गात सांगितले, तेव्हा तिसऱ्या बाकावरच्या त्या विद्यार्थिनीने हात वर केला. आमच्या घरीही पत्राच्या वर ७८६ लिहितात, ती म्हणाली. आम्ही तिला फळ्याकडे बोलावले. तिने आजोबांकडून शिकलेली रीत मांडली : बे म्हणजे २, सीन ६०, मीम ४०, 'बिस्म' एवढ्याचे १०२ झाले. असे करत 'बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम' या पूर्ण वाक्याची बेरीज ७८६ होते. हुबळीच्या रस्त्यावर रिक्षांवर आणि लॉरींवर हा आकडा सगळ्या मुलांनी पाहिलेला होता. त्याचा अर्थ पुष्कळांना त्या दिवशी कळला. पवित्र नाव लिहिलेला कागद पायदळी येऊ नये म्हणून आकडा लिहितात, असे तिने सांगितले. आपल्याकडेही देवाचे चित्र छापलेली पत्रिका फेकताना हात अडखळतो, हे मुलांना लगेच पटले.

५. 'श्री' नसलेले पत्र आणि बदललेला मायना

आता पुन्हा मराठी पत्राकडे येऊ. वर 'श्री', मग वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्यांना 'चिरंजीव', विवाहितेस 'सौभाग्यवती', विधवेस 'गंगाभागीरथी'. मोठ्यांस साष्टांग नमस्कार, लहानांस आशीर्वाद. हा मायना शिकवून येत असे. तो लिहिणाऱ्याच्या हृदयातला असेलच असे नाही, पण तो चुकला तर घरात चर्चा होई.

मग एखाद्या पत्रावर 'श्री' नसेल तर? लिहिणारा अश्रद्ध होता असे म्हणाल, तर फसाल. मृत्यूची बातमी देणाऱ्या पत्रावर 'श्री' लिहीत नसत. वसतिगृहात असताना हिंदी भाषक मित्रांकडे कोपरा फाटलेले पोस्टकार्ड आलेले आम्ही पाहिले आहे. ते हाती पडताच, वाचण्यापूर्वीच, मित्राचा चेहरा पडे. अशी पत्रे वाचून फाडून टाकीत, घरात ठेवीत नसत. म्हणून जुन्या ट्रंकेत आनंदाची पत्रे पुष्कळ सापडतात, दुःखाची कमी. त्यावरून पूर्वीचे लोक फार सुखी होते, असा निष्कर्ष कुणी काढू नये!

उलट, मायना जाणूनबुजून बदलला जातो तेव्हा मात्र कान टवकारावेत. सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे प्रसिद्ध आहेत : १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. त्यांत त्या पतीला 'सत्यरूप' असे संबोधतात. नमस्कार जुन्याच रीतीचा, शिरसाष्टांग. पण संबोधनात 'सत्य' आले. सत्यशोधक समाज स्थापन झाला तो २४ सप्टेंबर १८७३ रोजी. म्हणजे संस्था निघण्यापूर्वीच तो विचार घरच्या पत्रात उतरला होता. पुढे १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर असंख्य कुटुंबांच्या पत्रांत 'जय भीम' हाच आरंभ झाला. महानुभाव मंडळी 'दंडवत प्रणाम' लिहितात, वारकरी 'राम कृष्ण हरी' लिहितात. हे शब्द सवयीचे झाले तरी मुळात ते निवडलेले शब्द आहेत. वहिवाटीने आलेला शब्द आणि निवडून घेतलेला शब्द यांतला फरक ओळखणे, हेच पत्र वाचणाऱ्याचे खरे काम.

६. पत्र वाचताना विचारायचे प्रश्न

(अ) हा शब्द त्या काळी सगळेच लिहीत होते, की हाच एक माणूस? सगळेच लिहीत असतील तर तो रिवाज.

(आ) पत्र कुणाच्या हातचे? पुष्कळदा सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा. इजिप्तमध्येही पैसे देऊन लेखनिकाकडून पत्र लिहवून घेत, आणि आपल्याकडेही पोस्टाबाहेर पत्र लिहून देणारे बसत. अशा वेळी मायना लेखनिकाचा असू शकतो.

(इ) कुणाला लिहिले? एकच माणूस आईला एक भाषा वापरतो आणि सरकारी अंमलदाराला दुसरी.

(ई) एकच खूण आहे, की दोन-तीन खुणा मिळून एकच गोष्ट सांगतात? नुसते नाव, नुसती तारीख, नुसता 'देव' हा शब्द पुरेसा नाही. इजिप्तमध्ये 'देव' असे एकवचनात ख्रिस्ती लिहीत, ज्यू लिहीत आणि जुन्या देवांचे भक्तही लिहीत.

(उ) जे लिहिले नाही, ते का लिहिले नसेल? घरच्यांना जे ठाऊकच असते, ते कुणी लिहीत नाही.

हे पाच प्रश्न लावून पाहिले तर आमच्या विद्यार्थ्याच्या पत्राचे उत्तर सोपे आहे. 'रबिलाखर' हा त्या काळचा कारभारी रिवाज. वर 'श्री' आहे, नमस्कार-आशीर्वाद मराठी रीतीचे आहेत. लिहिणारा त्या काळचा एक सामान्य मराठी शेतकरी गृहस्थ होता.

पण आम्हांला येथे थांबता येत नाही. समजा, उत्तर वेगळे असते. समजा, त्या घरात खरोखरच कुणी मुसलमान पूर्वज निघाला असता, तर त्यात हसण्यासारखे काय होते? वर्गातील चूक दुहेरी होती. एक, पत्र चुकीचे वाचले. ती अभ्यासाची चूक, ती सुधारते. दुसरी, दुसऱ्याच्या धर्माचे नाव आपण टोमणा म्हणून वापरले. ती मनाची चूक. पहिली चूक आमचीही होती. दुसरी आम्ही त्याच क्षणी थांबवायला हवी होती, ती थांबवली नाही. या दोन्ही विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या पालकांची आम्ही येथे क्षमा मागतो.

आपला समाज अनेक पिढ्यांपूर्वी या भागात आला आणि येथलाच झाला. आपण घरी मराठी बोलतो, बाजारात कन्नड बोलतो, शेजारी दखनी उर्दू ऐकतो. आपल्या आजच्या चिठ्ठ्या दोनशे वर्षांनी कुणाला सापडल्या, तर त्यांतील एका शब्दावरून त्याने आपल्याला काय ठरवावे? आपण पूर्वजांना जो न्याय देऊ, तोच पुढे आपल्या वाट्याला यावा, एवढे तरी मनात असू द्यावे.

७. पालकांना आणि विश्वस्तांना विनंती

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि पुढे आयुष्यभर ते अशी कागदपत्रे गोळा करीत हिंडले. राजांच्या किल्ल्यांइतकाच इतिहास लोकांच्या घरांतील पेट्यांत होता. तो आजही आहे. म्हणून :

जुना कागद नदीत सोडू नका, रद्दीत देऊ नका. त्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. दोन्हींमुळे कागद कायमचा बिघडतो. घडी हळूच उलगडून, स्वच्छ कोऱ्या कागदांत सपाट ठेवावा. ओल आणि वाळवी यांपासून जपावा. दोन्ही बाजूंचे मोबाईलवर छायाचित्र काढावे. कुणाच्या पेटीत सापडला, ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. मूळ कागद घरीच राहील. शाळा फक्त छायाचित्र घेईल, आणि घरच्यांनी नको म्हटल्यास तेही घेणार नाही.

विश्वस्त मंडळास विनंती की, शनिवारी एक तास मोडी वाचनासाठी द्यावा. शिकवण्यास आम्ही तयार आहोत; आमचे मोडी अजून कच्चे आहे, पण मुलांबरोबर पक्के होईल.

आणि त्या विद्यार्थ्याच्या आईंना : ताई, तो कागद निर्धास्तपणे घरात ठेवा. त्यात कलंक लागावा असे काही नाही. बहिणीच्या घरी ताप उतरला की नाही, याची एका भावाला लागलेली काळजी आहे. दोनशे वर्षांहून अधिक काळ ती तुमच्या घरी सांभाळली गेली. आता मोठ्यांनी नको म्हटले तर हा अंक त्यांना वाचून दाखवा, आणि तरीही शंका राहिली तर आम्हांला बोलवा. आम्ही येऊन पत्र पुन्हा मोठ्याने वाचू, या वेळी अर्थासकट.

स्वाध्याय

१. 'सन इहिदे सितैन मया व अलफ' याची आकड्यांत मांडणी करा. जानेवारीतील तारखेसाठी किती मिळवाल?

२. तारीख, सन, साल, कागद, मार्च. हे शब्द कोणत्या भाषांतून आले? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून असे आणखी पाच शब्द लिहा.

३. कोप्रेसने दावा सोडला नाही आणि श्रद्धाही सोडली नाही. त्याने काढलेली वाट तुम्हांला योग्य वाटते काय? कारण लिहा.

४. आजी-आजोबांना एक पत्र लिहा. मायना तुमच्या घरच्या रीतीचा असावा. ती रीत कुठून आली, ते त्यांनाच विचारा आणि त्यांचे उत्तर पत्रासोबत शाळेत आणा.

आपला,
मुख्याध्यापक